आयपीएलनंतर गालावर पट्टे, मग पुळ्या: डेमोडेक्सचा दोष किती, प्रकाशाचा किती?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. वय 34, रंग सावळा. गेली तीन वर्षं गाल आणि नाक लाल राहतं, उन्हात आणि ओट्यापाशी चेहऱ्याची आग होते, अधूनमधून बारीक पुळ्या येतात. रोझेशिया असं निदान झालं आणि आयपीएलच्या, म्हणजे चेहऱ्यावर झगझगीत प्रकाशाचे झोत मारायच्या उपचाराच्या, चार सिटिंग्जचं पॅकेज घेतलं. पहिल्या सिटिंगनंतर लाली थोडी कमी वाटली. दुसरीनंतर त्याच संध्याकाळी दोन्ही गालांवर चौकोनी पट्टे उठले. पाचव्या दिवशी पट्ट्यांच्या आत, बाहेर, पार हनुवटीपर्यंत पिवळ्या टोकाच्या पुळ्या आल्या. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने तीन दिवस चेहरा एकदम स्वच्छ झाला, मग सगळं दुपटीने परतलं. आता तुम्ही डेमोडेक्स या त्वचेत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याबद्दल वाचलंय, रोज टी ट्री तेल लावताय, आणि विचारताय की तिसरी सिटिंग घेतली तर हे किडे मरतील का. साडेतीन महिन्यांवर धाकट्या बहिणीचं लग्न आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं प्रॅक्टिस, त्यातली सोळा वर्षं लेझर आणि आयपीएल स्वतः हाताळतोय. चेहरा न बघता अचूक निदान कुणालाच करता येणार नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो: तिसरी सिटिंग सध्या घेऊ नका. पैसे भरलेत म्हणूनही नको. पुढे ढकला, आणि का ढकलायची ते समजून घ्या.

तुम्ही विचारलंय किडे कसे मारायचे. पण तुमच्या चेहऱ्यावर एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी घडल्या असाव्यात: प्रकाशाने त्वचा भाजली, त्यानंतर केसांच्या मुळाशी दाह उसळला, आणि त्यावर मेडिकलमधलं, बहुधा स्टेरॉइड असलेलं मलम लागलं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. इतकंच नाही, एकीचा उपाय दुसरीला चिघळवतो. खरी अडचण इथे आहे.

आधी त्या किड्याबद्दल, कारण इंटरनेटवर त्याचे मोठे केलेले फोटो बघून माणूस झोपेतून दचकून उठतो. शेतीशी संबंध असेल तर पिकावरचा लाल कोळी तुम्हाला माहीत असेल. डेमोडेक्स त्याच्याच गणगोतातला. खरजेचा किडाही याच कुळातला, पण खरूज त्वचेत बोगदे खणते आणि घरभर पसरते, तसं हे करत नाहीत. माणसाच्या चेहऱ्यावर याच्या दोन जाती राहतात. एक साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर लांब, ती केसाच्या मुळाशी वरच्या भागात घोळक्याने राहते. दुसरी त्याच्या निम्मी, ती तेलग्रंथीत आणि पापणीच्या ग्रंथीत खोल बसते. जर्मन शास्त्रज्ञांना 1841-42 च्या सुमारास हे प्रथम दिसले, आणि 1843 साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांना डेमोडेक्स हे नाव दिलं. त्याचा ग्रीकमधला अर्थ साधारण ‘चरबीतला किडा’. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. त्यांना उजेड आवडत नाही. रात्री बाहेर येतात आणि तासाला सेंटिमीटरभर सरकतात.

तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर ते जवळपास नसतात, आणि वय वाढेल तसे बहुतेक सगळ्यांकडे येतात. माझ्याकडेही असणार, तुमच्या यजमानांकडेही. म्हणून उशीचे अभ्रे रोज उकळणं, मुलांना जवळ न घेणं, वेगळा टॉवेल लपवून ठेवणं हे सगळं सोडून द्या. ‘आहेत की नाहीत’ हा प्रश्नच नाही. प्रश्न असतो किती आहेत, आणि तुमची त्वचा त्यांच्यावर किती चिडते. काचेच्या पट्टीवर थेंबभर चिकट द्रव घेऊन ती मिनिटभर गालाला चिकटवायची आणि अलगद ओढायची. तिच्यावर जे निघतं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. चौरस सेंटिमीटरला पाचपेक्षा जास्त निघाले तर आम्ही ते जास्त समजतो. मी पहिल्यांदा काही नाही सापडलं तर त्याच जागी लगेच दुसरी पट्टी लावतो, कारण खोलवरचे दुसऱ्या वेळी वर येतात. जिथे ही सोय नाही तिथे पुळीतला पू काचेवर घेऊन केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून बघता येतं. गजकर्णासाठी ही तपासणी कुठल्याही त्वचारोग ओपीडीत रोज होते, दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या चेहऱ्यावर पुळ्या असतानाच हे करून घ्या. नंतर पुळ्या मावळल्या की पुरावाही जातो.

रोझेशियाच्या त्वचेत या माइट्सची, म्हणजे याच किड्यांची, संख्या सरासरीने जास्त असते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि अशा त्वचेची पहारेकरी यंत्रणाच अतिजागरूक असते. 2007 साली सॅन दिएगोतल्या संशोधकांनी दाखवलं की रोझेशियात कॅथेलिसिडिन नावाचं संरक्षक प्रथिन आणि त्याला कापून चेतवणारं एन्झाइम, दोन्ही वाजवीपेक्षा जास्त असतात. माइटच्या कवचातलं कायटिन, त्याच्या पोटातले जीवाणू, असं काही केसाच्या मुळात सांडलं की ही यंत्रणा घंटा वाजवायला लागते. ज्यांची घंटा इतकी हलकी नाही, त्यांच्या चेहऱ्यावर तितकेच माइट्स असूनही पुळी येत नाही.

आता प्रकाशाकडे. आयपीएल म्हणजे साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरमधला झगझगीत प्रकाश, पुढे फिल्टर लावून हवा तेवढा सोडलेला. रक्तवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन तो शोषतं, वाहिनी आतून तापते आणि बंद होते. लालीवर तो उपयोगी पडतो याचं कारण हेच. पण वाहिनीपर्यंत पोचायच्या आधी प्रकाशाला वरच्या थरातल्या मेलॅनिनमधून जावं लागतं, आणि मेलॅनिनही तोच प्रकाश पितं. गोऱ्या युरोपीय त्वचेत ही जकात नाममात्र. आपल्या सावळ्या त्वचेत ती मोठी असते, त्यात उन्हाने रापलेला चेहरा असेल तर आणखी मोठी. त्वचा भाजते ती या जकातीमुळे. वाहिनीपर्यंत पुरेशी उष्णता पोचवायची म्हणून ऊर्जा वाढवली की वरचा थर आधी पोळतो.

तुमच्या गालावरचे पट्टे चौकोनी होते, हे वाक्य माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. आयपीएलच्या हँडपीसची, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या भागाची, काच आयताकृती असते. त्वचेवर कडा सरळ असलेला, काटकोनात वळणारा डाग कुठलाच रोग काढत नाही, तो यंत्राचाच ठसा असतो. त्याच संध्याकाळी उठला म्हणजे उष्णतेने. म्हणजे ऊर्जा त्वचेच्या मानाने जास्त होती, किंवा जेल कमी होतं, किंवा काच एकाच जागी दोनदा टेकली, किंवा मधल्या काळात तुम्ही उन्हात रापला होता. कोणतं कारण, हे नोंदी बघितल्याशिवाय कळणार नाही. त्या नोंदी मागून घ्या: कोणता फिल्टर, किती जूल ऊर्जा, किती पल्स म्हणजे झोत. तो तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या डॉक्टरांना त्याशिवाय अंधारात चाचपडावं लागेल.

हे मी कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्या हातूनही हे झालंय. आयपीएल घेऊन दुसरंच वर्ष होतं. एक शिक्षिका ठरलेल्या सिटिंगला आल्या, चार दिवस कोकणात फिरून. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि मी आधीच्याच ऊर्जेवर यंत्र चालवलं. दोन्ही गालांवर सहा तपकिरी आयत उठले, पूर्ण जायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत त्या वर्गात ओढणी गालावर ओढून शिकवत होत्या. तेव्हापासून सिटिंगच्या दिवशी मी आधी कानामागचा रंग आणि गालाचा रंग शेजारी ठेवून बघतो, आणि फरक वाढलेला दिसला की सिटिंग पुढे ढकलतो. पेशंट कितीही लांबून आलेला असो.

आता पुळ्या. त्या पाचव्या दिवशी आल्या, आणि पट्ट्यांच्या बाहेरही आल्या. भाजल्याचा फोड असता तर तो एक-दोन दिवसांत आला असता, जिथे काच टेकली तिथेच आला असता, आणि आत पाणी असतं. पाचव्या दिवशी केसांच्या मुळाशी, टोकाला पिवळसर पू असलेल्या, गालावरून हनुवटीपर्यंत पसरलेल्या पुळ्या वेगळी कहाणी सांगतात. माझ्या मनात अशा वेळी पहिली शंका डेमोडेक्सचीच येते. आयपीएलनंतर काढलेल्या त्वचेच्या तुकड्यांत केसांच्या मुळाशी माइट्स गोठलेले दिसल्याचं 2002 सालच्या एका अभ्यासात नोंदलंय. तिथून माझी समजूत अशी बनलीय की उष्णतेने काही माइट्स मुळाशीच मरतात, फुटतात, आणि आतलं सगळं त्या अतिजागरूक त्वचेत एकदम सांडतं. माइट्स मारणारी आयव्हरमेक्टिन क्रीम सुरू केल्यावरही काही पेशंटना पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशीच उसळी येते. त्यामुळे हे तर्काला धरून वाटतं.

पण शंकेला पुरावा हवा, म्हणून बाकीच्या शक्यताही तपासाव्या लागतात. नागीण नव्हे, पण तिच्याच जवळचा तो ओठांभोवती उठणारा हर्पीज: उष्णतेने तो जागा होतो. त्याचे फोड घोसाने, एकाच बाजूला, दुखरे, चुणचुणणारे असतात. तसं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुसरं, जेल किंवा नंतर दिलेल्या क्रीमची ॲलर्जी: त्यात पू कमी आणि खाज फार. तिसरं, साधा जीवाणूसंसर्ग. चौथं, जाडसर चोपडं मॉइश्चरायझर थापल्याने बुजलेली रोमछिद्रं. ही यादी लांबवत नाही. मुद्दा असा की पुळी दिसली की लगेच ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम देण्याची जी सवय आहे, तिथे घोळ होतो.

तुमच्याबाबत तोच झालाय असं मला वाटतं. ‘तीन दिवस एकदम स्वच्छ, मग दुप्पट’ हे वर्णन म्हणजे स्टेरॉइडची सही आहे. स्टेरॉइड लाली दाबतं, वाहिन्या आकसतात, सूज उतरते, आणि माणसाला वाटतं औषध सापडलं. पण त्याच वेळी ते त्वचेचा पहारा झोपवतं आणि माइट्सना मोकळं रान मिळतं. बंद केलं की आकसलेल्या वाहिन्या सूड घेतल्यासारख्या फुलतात. हा आपल्याकडचा फार मोठा त्रास आहे. 2011 साली छापलेल्या, भारतातल्या 12 केंद्रांवर झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 पेशंटपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. म्हणजे जवळपास सातातला एक. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. तरीही ‘गोरं व्हायची ट्यूब’ म्हणून ती अजून मिळतात. तुमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलंय का ते आज बघा. आणि आठवून बघा, रोझेशियाच्या आधीही कधी अशी ट्यूब चेहऱ्याला लावत होता का. सावळ्या चेहऱ्यावर लाली घेऊन येणाऱ्या माझ्या पेशंटपैकी बऱ्याच जणींच्या मुळाशी हीच ट्यूब निघते. मग तो रोझेशिया नसतो, स्टेरॉइडने बनवलेला त्याचा जुळा भाऊ असतो. तसं असेल तर आयपीएल हा त्याचा पहिला उपाय कधीच नव्हता.

इथपर्यंतचं एकत्र करतो. त्याच दिवशी उठलेलं, सरळ कडेचं, ते प्रकाशाने. काही दिवसांनी, मुळाशी, कडा ओलांडून आलेलं, ते बहुधा माइट्स आणि दाहाने. मलम बंद केल्यावर फुललेलं, ते स्टेरॉइडने. आणि दोन-चार आठवड्यांनी पट्ट्यांच्या जागी तपकिरी सावली उरली, तर ती त्वचेने भाजल्याची ठेवलेली आठवण. ती जाते, पण महिने घेते.

आता करायचं काय. तुमच्या जागी कुणी पेशंट समोर असती तर मी कसं चाललो असतो ते सांगतो.

पहिले दोन आठवडे फक्त शांतता. टी ट्री तेल आजच बंद. त्यात माइट्सवर चालणारा घटक आहे हे खरं, पापण्यांसाठी सौम्य केलेल्या पुसण्या मिळतातही, पण निव्वळ तेल भाजलेल्या त्वचेवर म्हणजे जखमेवर मीठ. खोबरेल तेलात कापूर, लिंबू, तुरटी, बेसन-हळद, मुलतानी माती, वाफ, ब्लीच, फेशियल, सगळं बंद. साबण नको, सौम्य क्लेन्झर, कोमट नव्हे साधं पाणी, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. जिथे खपली आहे तिथे पातळ पेट्रोलियम जेली, बाकी चेहऱ्यावर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. आग झाली तर फ्रीजच्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ मलमल दहा मिनिटं. बर्फ थेट लावू नका. खपली काढू नका, पुळी फोडू नका.

स्टेरॉइड किती दिवस लावलं त्यावर ते कसं सोडायचं ठरतं. तुम्ही काही दिवसच लावलंय असं वाटतं, तर थेट बंद करता येईल. महिनोन्‌महिने लावणाऱ्यांना मी हलक्या स्टेरॉइडवर उतरवत नेतो, नाहीतर चेहरा इतका पेटतो की ती बाई चौथ्या दिवशी पुन्हा तीच ट्यूब घेते. तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

आग आणि चुणचुण थांबली, तपासणीत माइट्स दिसले किंवा चित्र तसंच असलं, की मग माइट्सवर थेट औषध. माझी पहिली निवड आयव्हरमेक्टिन 1 टक्का क्रीम. अमेरिकेत रोझेशियासाठी ते 2014 च्या शेवटी मंजूर झालं, आपल्याकडेही मिळतं. रात्री एकदा, कपाळ, नाक, हनुवटी, दोन गाल अशा पाच जागांना वाटाण्याएवढं प्रत्येकी, पातळ पसरून. फरक पडायला महिना लागतो, पूर्ण हिशेब बारा आठवड्यांनी मांडायचा. चाचण्यांमध्ये बारा आठवड्यांनी सुमारे 40 टक्के जणांचा चेहरा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाला, आणि औषध नसलेली नुसती क्रीम लावणाऱ्यांत हे प्रमाण 12 ते 19 टक्के होतं. मेट्रोनिडाझोल या रोझेशियावरच्या दुसऱ्या क्रीमशी तुलना केलेल्या अभ्यासात सोळा आठवड्यांनी पुळ्या आयव्हरमेक्टिनने सरासरी 83 टक्के कमी झाल्या, मेट्रोनिडाझोलने सुमारे 74. म्हणजे मेट्रोनिडाझोलही वाईट नाही, क्रीम परवडत नसेल तर मी तेच देतो. सुरुवातीच्या उसळीबद्दल वर सांगितलंच. ती आली म्हणून घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना फोटो दाखवा.

इथे एक कळकळीची विनंती, कारण गेल्या दोन वर्षांत मी हे तीनदा बघितलंय. घरी गुरं असतील तर गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा पाठीवर ओतायचं औषध असतं. नाव तेच म्हणून ते चेहऱ्याला लावू नका. ते चेहऱ्यासाठी बनवलेलं नाही, आणि त्यातली द्रावकं रोझेशियाची त्वचा सोलून काढतात.

पुळ्या जास्त असतील तर सोबत डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिकची गोळी पोटातून. रोझेशियात ते कमी मात्रेतही काम करतं, दाह कमी करतं म्हणून. पण दोन अटी. एक, गरोदर असाल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा तसा विचार असेल तर नाही, आणि ते डॉक्टरांना आधी सांगा. दोन, ते उन्हाला त्वचा संवेदनशील करतं, म्हणून ते चालू असताना मी प्रकाशाचा कुठलाही उपचार करत नाही. गोळी पेलाभर पाण्याने घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जळजळ होते.

तपकिरी सावलीसाठी कुणीतरी तुम्हाला हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली क्रीम सुचवेल. रोझेशियाच्या चेहऱ्यावर ती नको. तिच्याऐवजी ॲझेलेइक ॲसिड 15 टक्के जेल. ते डागही हलके करतं आणि रोझेशियावरही चालतं. थोडं चुणचुणतं, म्हणून आग पूर्ण थांबल्यावर, आठवड्यातून दोन-तीनदा सुरू करून मग वाढवायचं. आणि सनस्क्रीन, झिंक ऑक्साइड असलेलं. त्याशिवाय डागावरचा प्रत्येक उपाय फुकट जातो.

उन्हाबद्दल लिहितोय तर स्कार्फबद्दलही. आपल्याकडे दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून जातात. ऊन अडतं, चांगलं आहे, पण सिंथेटिक कापडाच्या आत घाम आणि उष्णता कोंडते, आणि रोझेशियाला उष्णता उन्हाइतकीच नडते. सुती, सैल, फिक्या रंगाचा वापरा, रोज धुतलेला. ओट्यापाशी फोडणी घालताना एक पाऊल मागे उभं राहणं, एक्झॉस्ट आधी लावणं, चहा जरा निवू देणं, या बारक्या गोष्टींनी माझ्या पेशंटच्या चेहऱ्यात औषधाइतका फरक पडलेला मी बघितलाय.

मग आयपीएल कायमचं बाद का? नाही. पण त्याचं काम ओळखून त्याला बोलवायचं. प्रकाश वाहिन्यांसाठी आहे. माइट्स जवळजवळ पारदर्शक असतात, त्यांच्यात हिमोग्लोबिन नाही, मेलॅनिन नाही, म्हणजे प्रकाशाने धरावं असं फारसं काहीच नाही. मेले तर आजूबाजूच्या उष्णतेने मरतात, आणि जे उरतात त्यांची पिल्लावळ दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हजर. म्हणून माइट मारायला प्रकाश वापरणं मला पटत नाही, विशेषतः आपल्या त्वचेत, जिथे ऊर्जा आधीच हात आखडून द्यावी लागते. आधी पुळ्या आणि माइट्स औषधाने आटोक्यात आणायचे. किमान दोन-तीन महिने पुळी नाही, आग नाही, पट्ट्यांच्या खुणा गेल्या, आणि तरीही बारीक लाल रेषा किंवा स्थिर लाली उरली, तर तेवढ्यापुरता प्रकाश. या क्रमाने गेल्यावर सिटिंगनंतरची पुळ्यांची उसळी माझ्याकडे खूप कमी झाली.

तेव्हाही काय वापरायचं हे त्वचेच्या रंगावर ठरतं. गव्हाळ रंगाला आयपीएल चालतं, पण जास्त तरंगलांबीचा फिल्टर, कमी ऊर्जा, पल्समध्ये जास्त अंतर आणि भरपूर गारवा, या अटींवर. तुमच्यासारख्या सावळ्या रंगाला दिसणाऱ्या वाहिन्यांसाठी मी 1064 नॅनोमीटरचं लाँग पल्स एनडी-याग लेझर पसंत करतो, कारण त्या तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन कमी पितं. त्याचेही धोके आहेत, हात सुटला तर तेही भाजतं आणि खड्डा पाडू शकतं. म्हणून जबड्याखाली एक-दोन चाचणीचे ठिपके, आणि मग किमान दोन आठवडे थांबून बघायचं. चाचणी न करता पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा करून देणारी जागा असेल तर उठून या. आणि डोळे: पापणीच्या जवळ प्रकाश मारायचा असेल तर साधा चश्मा पुरत नाही. पापणीवरच्या आयपीएलने बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

डोळ्यांवरून आठवलं. तुम्ही लिहिलं नाहीय, पण तपासा: सकाळी डोळे चिकटतात का, वाळू गेल्यासारखं वाटतं का, पापणीच्या केसांच्या बुंध्याशी नळीसारखा कोंडा दिसतो का. ती नळी डेमोडेक्सची जवळपास खूणच आहे. असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जा, चेहऱ्याच्या औषधाने पापण्या बऱ्या होत नाहीत. डोळा दुखत असेल, लाल असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर थांबू नका, त्याच दिवशी.

आता लग्न. साडेतीन महिने म्हणजे साधारण पंधरा आठवडे. दोन आठवडे शांतता, बारा आठवडे औषध. हिशेब बरोबर बसतो, पण सिटिंग त्यात बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. लग्नापर्यंत पुळ्या बऱ्याच कमी झालेल्या असतील. पट्ट्यांची सावली थोडी राहिली तर ती मेकअपखाली झाकते. हिरवट छटेचा प्राइमर लाली दाबतो. मेकअप करणाऱ्या मुलीला महिनाभर आधी एकदा घरी बोलवा, तिचं सामान जबड्याच्या कडेला लावून दोन दिवस बघा, आणि लग्नाच्या आठवड्यात कुठलंही नवीन क्रीम, फेशियल, ब्लीच नाही. हळदीच्या दिवशी नवरीच्या मोठ्या बहिणीला कोण सोडणार, सगळ्या मिळून तोंडाला फासतील. आईला आणि मावशीला आधीच सांगून ठेवा: हात, पाय, दंड, जिथे लावायची तिथे लावा, चेहऱ्याला नको. होमाजवळ बसायची वेळ आली तर वाऱ्याच्या बाजूला पाट मांडायला सांगा. आणि त्या दिवसांत रात्रीचं क्रीम चुकवू नका, तिथेच बहुतेकांचं घसरतं.

केओएचचा रिपोर्ट आणि त्या ट्यूबवरचं नाव मिळालं की इथेच लिहा. ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं आणि ते तुम्ही आधीपासून वर्षभर लावत होता असं असेल, तर वरचा क्रम मला थोडा बदलावा लागेल.